भंडाऱ्याचे दुसरे मत

दिवाळी आणि विधानसभेची निवडणूक यांची आपल्या महाराष्ट्रात अलीकडे चांगलीच गट्टी जमली आहे. २००४, २००९, २०१४ आणि २०१९ या चारही खेपांना मतदान ऑक्टोबरात झाले. २०२४ साली तर फराळाचे डबे रिकामे होतात न होतात तोच, २० नोव्हेंबरला, आपण रांगेत जाऊन उभे राहिलो. विधानसभेने आपली मुदत पुरी केली तर पुढची खेपही २०२९ च्या दिवाळीच्या आगेमागेच यायची. त्यामुळे चिवड्याच्या ताटाभोवती बसून कोण निवडून येणार, कोण पडणार आणि कोण कोणत्या पक्षातून कोणत्या पक्षात जाणार याची गणिते मांडणे, हा आता घरोघरच्या सणाचाच एक भाग होऊन बसला आहे.

अशा बैठकीत एखादा तरी कंटाळलेला गृहस्थ असतोच. सगळ्यांचे बोलून झाले की तो पाय लांब करून म्हणतो, “अहो, आपल्या एका मताने काय होते?” त्याला उत्तर द्यायला फार लांब जायला नको. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव मतदारसंघात २०१९ साली राष्ट्रवादी काँग्रेसचे मनोहर चंद्रिकापुरे निवडून आले. त्यांनी भारतीय जनता पक्षाचे माजी मंत्री राजकुमार बडोले यांचा पराभव केला तो अवघ्या ७१८ मतांनी. एखाद्या भरल्या मतदान केंद्राच्या यादीत याहून अधिक नावे असतात!

परंतु एका मताची ही गोष्ट झाली. याच मुलुखात एक काळ असा होता की दर मतदाराच्या हाती लोकसभेसाठी एक नव्हे, दोन मते होती. पहिले मत कोणाला द्यायचे हे माणसे चटकन ठरवीत. घोटाळा होई तो दुसऱ्या मताचा. त्या दुसऱ्या मताने भंडारा जिल्ह्यात १९५४ साली जो निकाल लावला, त्याची आठवण सत्तर वर्षे उलटून गेली तरी लोकांना आहे. ती हकीगत नीट समजावून घेण्यासारखी आहे; कारण निवडणूक म्हणजे केवळ पक्षापक्षांची झोंबी नसून उभे कोणी राहावे, मत कोणी द्यावे आणि दिलेले मत कसे मोजावे, या तीन प्रश्नांची ती उत्तरे असतात. ही तिन्ही उत्तरे भंडाऱ्याला मोठी किंमत मोजून मिळालेली आहेत.

प्रथम तो मुलूख डोळ्यांपुढे आणू या. गोंदियाहून चांद्याकडे जाणाऱ्या आगगाडीच्या वाटेवर अर्जुनी लागते. भाताची शेते, जागोजाग तलाव, जवळच नवेगावचा मोठा बांध आणि त्यापलीकडे रान, असा हा झाडीचा प्रदेश. येथे दंडार रंगते, थंडीत रात्र रात्र नाटके चालतात. गोंदिया हा वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. त्यापूर्वी हा सारा भाग भंडारा जिल्ह्यात होता, आणि १९५२ साली भंडाऱ्याच्या तीन तहशिली होत्या : भंडारा, गोंदिया व साकोली. अर्जुनी साकोली तहशिलीत मोडे.

या गावांनी एक चमत्कार पाहिला आहे. गाव जागचे हलले नाही, पण मत मात्र तीन निवडणुकांत तीन निरनिराळ्या राज्यांच्या विधानसभांसाठी पडले! १९५२ साली भंडारा जुन्या मध्य प्रदेशात होता. राजधानी नागपूर आणि मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, म्हणून १९५७ चे मत मुंबईच्या विधानसभेसाठी पडले. त्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली असता यशवंतराव चव्हाणांचे सरकार तरले, त्यात विदर्भातील काँग्रेसच्या जागांचा मोठा हातभार होता. पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला आणि १९६२ चे मत महाराष्ट्राच्या विधानसभेसाठी दिले गेले.

पहिल्या निवडणुकीच्या तोंडावर आणखी एक मोठी गोष्ट घडली होती. मध्य प्रदेश सरकारने १९५० साली कायदा करून मालगुजारी रद्द केली आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे गावावरचे हक्क सरकारजमा झाले. आजही या भागातील जुन्या तलावांना ‘मामा तलाव’ म्हणतात. परगावचा पाहुणा ते नाव ऐकून हसतो. पण मामा म्हणजे कोणाचा मामा नव्हे, तर ‘माजी मालगुजारी’ या शब्दांचे ते लघुरूप आहे. ज्या कुळाने पिढ्यानपिढ्या मालगुजाराच्या वाड्यापुढे चपला हातात घेऊन जावे, त्याच कुळाच्या हाती वर्षाच्या आत मतपत्रिका आली. इंग्रजी अमलात मत देण्यास सारा, मालमत्ता किंवा शिक्षण यांच्या अटी असत. नव्या घटनेने त्या अटी पुसून टाकल्या आणि एकवीस वर्षे पुरी झालेल्या प्रत्येक स्त्रीपुरुषाला मत दिले. (ही वयोमर्यादा अठरावर आली ती १९८९ साली.)

देशभर सतरा कोटींहून अधिक मतदारांच्या याद्या झाल्या. ते प्रचंड काम पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी पार पाडले. या याद्या करताना एक अडचण आली, ती घरातल्या मुलींना वाचून दाखवण्यासारखी आहे. उत्तरेकडील अनेक बायकांनी स्वतःचे नाव सांगण्याचे नाकारले. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी, एवढेच सांगितले. सेन यांनी ठरवले की ज्या मतदाराला नाव नाही त्याला मतही नाही. त्यामुळे सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत आणि विंध्य प्रदेश हे प्रांत त्यांत पुढे होते. निर्णय कठोर होता खरा. परंतु त्याचा परिणाम असा झाला की पुढच्या निवडणुकीपर्यंत यातल्या पुष्कळ स्त्रिया स्वतःच्या नावाने यादीत आल्या.

आता मतदानाची त्या वेळची रीत पाहा. आजच्यासारखे यंत्र नव्हते आणि शिक्काही नव्हता. प्रत्येक उमेदवाराची एक स्वतंत्र लोखंडी पेटी असे आणि तिच्यावर त्याच्या निशाणीचे चित्र. काँग्रेसची बैलजोडी, समाजवादी पक्षाचे झाड, किसान मजदूर प्रजा पक्षाची झोपडी, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती, जनसंघाची पणती, कम्युनिस्टांचे कणीस आणि विळा. मतदाराने बोटाला शाई लावून घ्यायची, आडोशाला जायचे आणि हातातली कोरी मतपत्रिका आपल्याला हव्या त्या पेटीत टाकायची. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही हे जमावे अशी ही योजना. काही ठिकाणी भाविकांनी पेट्यांची पूजा केली, आत फुलेही टाकली, असे नंतर पेट्या उघडल्यावर दिसून आले.

भंडाऱ्याचा लोकसभा मतदारसंघ दोन सभासदांचा होता : एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. म्हणून प्रत्येक मतदाराला दोन मतपत्रिका मिळत, आणि त्या दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकाव्या लागत. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर त्यांपैकी एकच धरली जाई. या पद्धतीचे मूळ १९३२ सालच्या पुणे करारात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची मागणी अस्पृश्यांसाठी वेगळ्या मतदारसंघांची होती. महात्मा गांधींनी त्याविरुद्ध येरवड्याच्या तुरुंगात प्राणांतिक उपोषण मांडले. आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी तडजोड झाली. प्रांतिक कायदेमंडळांत अस्पृश्यांना १४८ राखीव जागा मिळाल्या, त्यांत आपल्या मध्य प्रांताच्या वाट्याला २० आल्या. पण मतदार मात्र सर्वांचे एकत्र राहिले. म्हणजे राखीव जागेवर माणूस कोणता जायचा, हे सर्व जातींच्या मतदारांनी मिळून ठरवायचे. या एका कलमाची पुरी किंमत खुद्द बाबासाहेबांनाच भंडाऱ्यात चुकवावी लागली.

मोजणीचा नियमही लक्षात ठेवण्यासारखा आहे. अनुसूचित जातींच्या उमेदवारांत ज्याला सर्वांत जास्त मते, त्याला प्रथम राखीव जागा द्यायची. मग उरलेल्या सर्व उमेदवारांत, त्यांची जात कोणतीही असो, ज्याला जास्त मते त्याला दुसरी जागा. हा दुसरा भाग पुष्कळांच्या ध्यानात येत नसे. राखीव उमेदवार हा केवळ राखीव जागेचाच उमेदवार नव्हता. मते पुरेशी पडली तर तो सर्वसाधारण जागाही जिंकू शकत असे.

पहिल्या निवडणुकीत भंडाऱ्यातून काँग्रेसचे दोन्ही उमेदवार निवडून आले : चतुर्भुज विठ्ठलदास जसानी आणि तुलाराम साखरे. पण गुलाल खाली बसतो न बसतो तोच मोरेश्वर परशराम व इतर अर्जदारांनी निवडणुकीला हरकत घेतली आणि प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. हरकती दोन होत्या, आणि दोन्ही अगदी या मातीतल्या होत्या. पहिली विडीची, दुसरी पंथाची.

गोंदिया-भंडारा म्हणजे तेंदूपानाचा आणि विडीचा मुलूख. जसानी हे मुलजी सिक्का आणि कंपनी या विडीच्या पेढीचे भागीदार होते, आणि या पेढीचा सरकारशी करार होता. फौजेच्या कँटीनमधून शिपायांना विकायला ती विड्या पुरवीत असे. कायदा सांगत होता की सरकारला माल पुरवण्याच्या कंत्राटात ज्याचा हितसंबंध आहे त्याने लोकप्रतिनिधी होऊ नये. कारण सरकारचा हिशेब तपासायचा तो माणूस सरकारचाच गिऱ्हाईक-व्यापारी असून कसे चालेल? बचावाचे मुद्दे पुष्कळ निघाले. करार राष्ट्रपतींच्या नावाने रीतसर झालेला नाही, असे म्हटले गेले. माल पोचता झाला, आता केवळ पैसे यायचे राहिले, तेव्हा करार संपलाच, असेही म्हटले गेले. न्यायमूर्ती विव्हियन बोस यांनी हे मुद्दे मान्य केले नाहीत. पैसे चुकते होईपर्यंत करार जिवंत असतो, असा निवाडा झाला. आपल्या बाजारातल्या कोणत्याही वाण्याने हेच सांगितले असते. उधारी वहीत असेपर्यंत व्यवहार संपत नाही!

दुसरी हरकत याहून खोल होती. गंगाराम ठवरे यांनी राखीव जागेसाठी अर्ज भरला होता. ते जन्माने महार, पण त्यांनी महानुभाव पंथाची दीक्षा घेतलेली. निवडणूक अधिकाऱ्याने त्यांचा अर्ज फेटाळला. तुम्ही पंथात गेलात, आता तुम्ही महार राहिला नाहीत, म्हणून राखीव जागेवर तुमचा हक्क नाही, असा त्याचा मथितार्थ. यातली गंमत मराठी वाचकाला सांगायला नको. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी ज्या पंथाची स्थापना केली, ज्या पंथाने आद्य मराठी गद्याचे भांडार आपल्याला दिले आणि ज्याने जातिभेद मानला नाही, त्या पंथात गेल्यामुळे माणसाची जात सुटते का, हा प्रश्न सातशे वर्षांनी दिल्लीच्या न्यायासनापुढे आला!

न्यायालयाने तीन गोष्टी तपासल्या. माणसाच्या जुन्या जातभाईंनी त्याला कसे वागवले? त्याची स्वतःची इच्छा काय होती? आणि नव्या पंथाचे नियम काय सांगतात? ठवरे यांचे सोयरसंबंध महार समाजातच होते, समाजाने त्यांना बाहेर टाकले नव्हते आणि त्यांनीही समाज सोडला नव्हता. तेव्हा विचार पालटला तरी जात कायम राहिली, आणि म्हणून त्यांचा अर्ज चुकीने नाकारला गेला, असे न्यायालयाने ठरवले. फेब्रुवारी १९५४ मध्ये हा निकाल लागला आणि भंडाऱ्याच्या दोन्ही जागांची निवडणूक रद्द झाली. एका विडीच्या कंत्राटाने आणि एका नाकारलेल्या अर्जाने साऱ्या जिल्ह्याला पुन्हा मतदानाला उभे केले.

मे १९५४ मध्ये पोटनिवडणूक लागली. काँग्रेसने सर्वसाधारण जागेसाठी पूनमचंद रांका आणि राखीव जागेसाठी भाऊराव बोरकर यांना उभे केले. समाजवादी व किसान मजदूर प्रजा हे दोन पक्ष १९५२ सालीच एकत्र येऊन प्रजासमाजवादी पक्ष झाला होता; त्याचे उमेदवार अशोक मेहता. आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे राखीव जागेला उभे राहिले स्वतः डॉ. आंबेडकर. मेहता आणि आंबेडकर यांच्या पक्षांची युती होती.

घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत का आले, असे आजच्या तरुण वाचकाला वाटेल. त्याचे उत्तर मुंबईत आहे. बाबासाहेबांनी १९५१ च्या सप्टेंबरात हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावरून मंत्रिपद सोडले होते. पहिल्या निवडणुकीत ते मुंबई शहर उत्तर या मतदारसंघातून उभे राहिले. तोही दोन सभासदांचाच, आणि तेथेही त्यांचे जोडीदार अशोक मेहताच. दोघेही पडले; राखीव जागा काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी जिंकली. त्या निवडणुकीत सत्तर हजारांहून अधिक मते बाद झाली होती. काहींनी मतदारांना आपले दुसरे मत मुद्दाम फुकट घालवायला सांगितले, असा आरोप होऊन निवडणुकीविरुद्ध अर्जही झाला. तो फेटाळला गेला. ‘मते कुजवणे’ हा शब्दप्रयोग आपल्या राजकारणात त्या काळातला. पेरायच्या बियाण्याला जसे मुद्दाम पाणी लावून कुजवावे, तसे मत कुजवायचे. १९५२ साली बाबासाहेब राज्यसभेवर गेले होते. परंतु प्रौढ मतदारांच्या कौलाने लोकसभेत जावे, ही त्यांची इच्छा राहिली होती. भंडाऱ्याने ती संधी पुढे केली.

प्रकृती साथ देत नव्हती, तरी वैशाखाच्या उन्हात त्यांनी प्रचार केला. त्यांची भाषणे स्थानिक रागलोभाची नव्हती. पंडित नेहरूंच्या परराष्ट्रनीतीवर त्यांनी कडक टीका केली. भंडाऱ्याच्या शेतकऱ्यापुढे आणि विडी वळणाऱ्या मजुरापुढे परराष्ट्रनीती बोलायची, यात त्या मतदाराचा केवढा मान राखलेला आहे! तुला हे कळणार नाही, असे त्यांनी कोणाला म्हटले नाही.

आणि येथेच दुसऱ्या मताचा पेच उभा राहिला. कार्यकर्त्यांचे गणित सोपे होते. आपले लोक एक मत हत्तीला देणार हे नक्की. दुसरे मत त्यांनी युतीप्रमाणे झोपडीला दिले, तर अशोक मेहतांची मते वाढतील. पण मेहतांचे सारे मतदार आपले दुसरे मत हत्तीला देतीलच, याची हमी कोण देणार? त्यातले पुष्कळ जण ते बैलजोडीच्या बोरकरांना देतील. मग राखीव जागा बोरकर नेतील, सर्वसाधारण जागा मेहता नेतील, आणि बाबासाहेब मध्येच राहतील. यावर तोडगा एकच : आपल्या लोकांनी दुसरे मत कोणालाच देऊ नये. म्हणजे मेहतांची मते घटतील, आणि राखीव जागा बोरकरांकडे गेली तरी दुसऱ्या जागेसाठी बाबासाहेब मेहतांच्या वर राहू शकतील. मोजणीचा नियम वर सांगितला आहे. त्यात हे बसत होते. कायद्याने गुन्हाही नव्हता.

बाबासाहेबांनी हे ऐकले नाही, अशी आठवण भंडारा-गोंदियात आजवर सांगितली जाते. ज्याने लोकांच्या हाती मत दिले त्यानेच ते कुजवायला कसे सांगावे, हा त्यांच्या नकाराचा आशय. ज्या युक्तीचा आरोप आपण मुंबईत प्रतिपक्षावर केला, तीच भंडाऱ्यात आपण करायची नाही, हा त्यातला सरळ अर्थ तर आहेच. शिवाय युतीच्या जोडीदाराला दिलेला शब्दही होता.

निकाल लागला तो कार्यकर्त्यांनी भ्यालेला तसाच. अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर भाऊराव बोरकर आले. बाबासाहेबांना एक लाख तीस हजारांवर मते मिळाली आणि तरीही ते आठ हजारांच्या आसपास मतांनी मागे पडले. त्यानंतर ते लोकसभेची निवडणूक लढवू शकले नाहीत. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महानिर्वाण झाले.

या निकालावर दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणी म्हणतो, भंडाऱ्याने कायमचा कलंक लावून घेतला. कोणी म्हणतो, काँग्रेसचा तो काळच होता, दगड उभा केला असता तरी निवडून आला असता. दोन्ही बोलणी मतदारावर अन्याय करणारी आहेत. बोरकर हे काही दगड नव्हते. त्याच समाजातले, त्याच जिल्ह्यात वावरलेले कार्यकर्ते होते. त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नी अनसूयाबाई बोरकर याच पहिल्या लोकसभेत भंडाऱ्याच्या सभासद झाल्या. आणि एक लाख तीस हजार मते काही एकट्या एका समाजाची असू शकत नाहीत. इतर जातींच्याही अनेक घरांतून ती आली असली पाहिजेत. तरीही एवढे खरे की ज्यांनी एक मत आनंदाने झोपडीला दिले, त्यांतल्या पुष्कळांचा हात हत्तीच्या पेटीपाशी थबकला. मेहता आणि आंबेडकर यांच्या मतांतला फरक हा त्या थबकलेल्या हातांचा फरक होता. पक्षाने युती केली. मनाने ती केली नव्हती. वरच्या पुढाऱ्यांनी हात मिळवले म्हणजे खालच्या मतदारांची मने आपोआप मिळतात, असे मानणाऱ्या आजच्या पुढाऱ्यांनी भंडाऱ्याचा हा हिशेब एकदा वाचावा.

या दोन मतांच्या पद्धतीचा शेवट दूर आंध्रात झाला. १९५७ साली पार्वतीपुरमच्या दोन सभासदांच्या मतदारसंघातून व्ही. व्ही. गिरी उभे होते. तेच पुढे राष्ट्रपती झाले. तेथे राखीव जागेसाठी उभ्या असलेल्या दोन्ही आदिवासी उमेदवारांना गिरींपेक्षा अधिक मते पडली, आणि नियमाप्रमाणे दोन्ही जागा त्या दोघांना गेल्या. गिरी सुप्रीम कोर्टापर्यंत लढले, पण हरले. भंडाऱ्यात जे घडू शकले असते ते पार्वतीपुरमला घडले. पुढे १९६१ साली कायदा होऊन दोन सभासदांचे मतदारसंघ मोडण्यात आले. १९६२ साली भंडारा सर्वसाधारण झाला आणि गोंदिया हा अनुसूचित जातींसाठी राखीव असा वेगळा मतदारसंघ झाला. तेथून बाळकृष्ण वासनिक निवडून गेले. दुसरे मत इतिहासजमा झाले.

परंतु गंगाराम ठवरे यांचा प्रश्न मात्र संपला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला. भंडारा जिल्ह्यातल्या खेड्याखेड्यांतून लोक त्या दीक्षेला लागले. पंथ पालटल्याने ठवरे यांची जात गेली नाही, असे न्यायालयाने म्हटले होते. पण धर्म पालटला तर? १९६२ च्या विधानसभेच्या निवडणुकीत नागपुरातील एका राखीव जागेवर डॉ. डी. पी. मेश्राम निवडून आले. त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला होता म्हणून सुप्रीम कोर्टाने १९६४ साली त्यांची निवडणूक रद्द केली. कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींत हिंदूंचा, आणि पुढे शिखांचा, समावेश होता, बौद्धांचा नव्हता. गावाने त्या माणसाची वेस बदलली नव्हती, पाणवठा बदलला नव्हता; कायद्याने मात्र तो परका ठरला. ही विसंगती दूर व्हायला १९९० साल उजाडावे लागले. तेव्हा कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. पुणे करारानंतर अठ्ठावन्न वर्षांनी, दीक्षेनंतर चौतीस वर्षांनी!

आज अर्जुनी मोरगाव हा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. तेथे आज जो बौद्ध तरुण उमेदवारी अर्ज भरतो, त्याच्या अर्जामागे ठवरे आणि मेश्राम यांचे हे दोन खटले उभे आहेत, याची त्याला कल्पना असो वा नसो.

राहिला प्रश्न पक्षांचा. १९५२ च्या निशाण्यांपैकी बहुतेक आता चित्रांतच उरल्या. बैलजोडी गेली, झाड आणि झोपडी गेली, पणती विझली. ज्या अशोक मेहतांनी १९५४ साली काँग्रेसला भंडाऱ्यात हरवले, तेच १९६७ साली काँग्रेसतर्फे भंडाऱ्यातून लोकसभेवर गेले. तेव्हा पक्षांतराचे नाटक काही आजचे नाही. अलीकडे शिवसेना २०२२ साली आणि राष्ट्रवादी काँग्रेस २०२३ साली दुभंगली. २०२४ ची विधानसभा महायुती आणि महाविकास आघाडी या दोन फळ्यांत लढली गेली. अर्जुनी मोरगावात २००९ आणि २०१४ साली भारतीय जनता पक्षाकडून जिंकलेले राजकुमार बडोले २०२४ साली अजित पवारांच्या राष्ट्रवादी काँग्रेसकडून निवडून आले. म्हणजे ज्या पक्षाने त्यांना ७१८ मतांनी हरवले होते, त्याच पक्षाच्या नावावर! मतदाराने अशा वेळी गोंधळून जाणे साहजिक आहे. पण पक्ष आणि निशाणी यांचा भरवसा उरला नाही, म्हणून मताचाच भरवसा सोडून देणे, हे कोठार फुटले म्हणून शेतच पडीक टाकण्यासारखे आहे.

भंडाऱ्याच्या त्या अर्जदारांनी उमेदवाराच्या पेढीचे कंत्राट शोधून काढले, तेव्हा त्यांच्या हाती फारशी साधने नव्हती. आपल्या हाती आहेत. सरकारी कंत्राटाची ती अट लोकप्रतिनिधी कायद्यात आजही आहे. शिवाय २००३ पासून प्रत्येक उमेदवाराला आपली मालमत्ता, देणी, शिक्षण आणि आपल्यावरचे खटले शपथेवर लिहून द्यावे लागतात, आणि ते कागद कोणालाही पाहता येतात. चारही उमेदवार मनास येत नसतील तर २०१३ पासून ‘वरीलपैकी कोणीही नाही’ असे सांगण्याची सोयही आहे. तो मत कुजवण्याचा प्रकार नव्हे. तो नकार उघड मोजला जातो, कोणाला फसवून तो द्यावा लागत नाही.

तेव्हा पुढच्या दिवाळीच्या बैठकीत तो कंटाळलेला गृहस्थ पुन्हा म्हणाला, की एका मताने काय होते, तर त्याला अर्जुनी मोरगावचा ७१८ हा आकडा सांगावाच. पण त्याबरोबर १९५४ चा भंडाराही सांगावा. तेथे एका माणसाला आपल्या लोकांची मते वाया घालवून दिल्लीस जाता आले असते. त्याने ती वाया घालवू दिली नाहीत, आणि तो घरी राहिला. त्या निवडणुकीत कोण जिंकले, हे आज सांगण्यासाठी कागद काढून पाहावे लागतात. कोण हरले, हे मात्र झाडीपट्टीत अजून कोणाला विचारावे लागत नाही.